तारापूरची चूल

२०१८च्या नोव्हेंबरात डहाणू-तलासरीकडची जमीन हलायला लागली आणि पुढे महिनोन्‌महिने हलतच राहिली. धुंदलवाडीच्या आसपासच्या पाड्यांवर लोक ऐन थंडीत घराबाहेर झोपत होते. इकडे विरारला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काळजी निराळीच. 'तारापूर फुटलं तर आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागेल?' असं कुणीतरी विचारलं आणि धडाधड मेसेज पडू लागले. कुणी हिरोशिमाच्या ढगाचा फोटो टाकला, कुणी मुलांना घेऊन गाव गाठायचं ठरवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी रात्री उशिरा एकच ओळ लिहिली: 'भट्टीचा बॉम्ब होत नाही. समजून घ्यायचं असेल त्यांनी रविवारी खाली कॅरम खेळायला या.'

काका तारापूरच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्ट करून निवृत्त झालेले. बोईसरची कॉलनी सोडली आणि विरारला मुलाकडे राहायला आले. रविवारी आम्ही चौघेच गेलो. त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी जे ऐकलं, त्यानंतर जे वाचलं आणि तारापूरच्या बाजूला फिरताना जे पाहिलं, त्यातून हा लेख झाला आहे. विरार ते तारापूर अणुवीज केंद्र हे अंतर सरळ रेषेत साधारण पंचेचाळीस किलोमीटर. इतक्या जवळ राहून आपण त्या केंद्राला एकतर घाबरतो, नाहीतर त्याचा अभिमान बाळगतो. ते चालतं कसं, हे विचारायचं मात्र राहून जातं.

काकांनी बोर्डावर सोंगट्या मांडल्या आणि स्ट्रायकर हातात घेतला. "युरेनियमचा अणू फुटला की दोन तुकडे होतात आणि दोन-तीन न्यूट्रॉन उडतात. त्यातल्या एकाने पुढचा अणू फोडला की साखळी चालू. पण हे न्यूट्रॉन फार वेगात असतात, भरधाव बाजूने निघून जातात. आधी त्यांना हळू करायला हवं." त्यांनी एक सोंगटी दुसरीवर सरळ मारली. मारलेली जागीच थबकली, समोरची धावली. मग तीच सोंगटी बोर्डाच्या कडेवर मारली, ती तशीच्या तशी परत आली. "वजन सारखं असेल तर टकरीत वेग निघून जातो. भिंतीवर आपटून जात नाही. न्यूट्रॉनच्या वजनाचा जोडीदार कोण? हायड्रोजन. आणि हायड्रोजन सगळ्यात जास्त कुठे? पाण्यात."

अणुभट्टी हे पाण्याचं यंत्र आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पाणी न्यूट्रॉनला हळू करतं, पाणी उष्णता वाहून नेतं, पाण्याची वाफ टर्बाइन फिरवते आणि शेवटी समुद्राचं पाणी त्या वाफेला थंड करतं. आमच्या वसई-विरारला पाण्याची किंमत कुणी सांगायला नको. सूर्या नदीचं पाणी नळाला येईपर्यंत टँकरमागे धावण्यात इथे एका पिढीची उमेदीची वर्षं गेली. कदाचित म्हणूनच काकांचं पुढचं सगळं बोलणं आमच्या डोक्यात नीट बसलं.

विरारहून डहाणू लोकल पकडली की निम्मी गर्दी बोईसरला उतरते. २०१३ साली उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत जायला लागल्या तेव्हापासून हे रोजचं. वैतरणेचा पूल, खाजणं, सफाळ्याच्या भाजीवाल्या, केळवे रोड, पालघर, उमरोळी आणि मग बोईसर. उतरणारे बहुतेक तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत जातात. अणुवीज केंद्र त्याच्याही पुढे, पश्चिमेला, घिवली आणि अक्करपट्टीच्या बाजूला अगदी समुद्रालगत आहे. मूळ तारापूर गाव खाडीकाठी, तिथे पोर्तुगीज काळातला किल्ला आहे. वसईच्या मोहिमेत १७३९च्या जानेवारीत मराठ्यांनी तो घेतला, त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई हाती आली. वसईकराला तारापूर माहीत असतं ते या इतिहासामुळे. त्याच नावाने १९६९ साली दुसरा इतिहास सुरू झाला.

ट्रॉम्बेला 'अप्सरा' ही छोटी संशोधन भट्टी ४ ऑगस्ट १९५६ला चालू झाली होती. पण घरोघर वीज द्यायची तर मोठी भट्टी हवी. होमी भाभांचा हिशेब सरळ होता: कोळसा पूर्वेकडे, बंगाल-बिहारात, आणि कारखाने पश्चिम किनाऱ्यावर. एवढ्या लांबून रेल्वेने कोळसा आणण्यापेक्षा मूठभर युरेनियम आणणं सोपं. १९६३ साली अमेरिकेशी करार झाला, जनरल इलेक्ट्रिक कंपनीने दोन भट्ट्या उभारायचं काम घेतलं. मुंबई आणि गुजरात दोन्हीकडे वीज नेता येईल असा किनारा म्हणून तारापूर निवडलं गेलं. महाराष्ट्र आणि गुजरात १९६०मध्येच वेगळे झालेले. या केंद्राची वीज दोघांत निम्मी-निम्मी वाटून घ्यायची ठरली. भाभांना मात्र ही वीज बघायला मिळाली नाही. २४ जानेवारी १९६६ला विमान अपघातात ते गेले. २८ ऑक्टोबर १९६९पासून तारापूरच्या दोन्ही भट्ट्या व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षी.

या पहिल्या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या. जाड पोलादी पात्रात युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या भरलेल्या नळ्यांचे जुडगे उभे असतात आणि भोवती आपलं साधंच, पण अतिशुद्ध पाणी. वातावरणाच्या सत्तरेक पट दाबाखाली ते पाणी २८५ अंशांच्या आसपास उकळतं आणि वाफ थेट टर्बाइनवर जाते. या वाफेत क्षणभर किरणोत्सार असतो. पाण्यातल्या ऑक्सिजनपासून बनलेला एक नायट्रोजन दर सात सेकंदांनी निम्मा होत जातो. म्हणून भट्टी चालू असताना त्या टर्बाइनजवळ जात नाहीत, पण बंद झाल्यावर काही मिनिटांत तो सगळा सरलेला असतो.

यात एक फार सुंदर सोय आहे. भट्टीचा जोर वाढला की पाण्यात बुडबुडे वाढतात. बुडबुडा म्हणजे पाण्याची गैरहजेरी. न्यूट्रॉन हळू करणारं पाणी कमी झालं की साखळी आपोआप मंदावते. म्हणजे आच वाढली की चूलच स्वतःला आवरते.

आणि साखळी माणसाच्या हातात राहते ती आणखी एका गोष्टीमुळे. अणू फुटल्यावर बहुतेक न्यूट्रॉन तत्क्षणी उडतात, पण हजारातले सहा-सात मागाहून येतात, कुणी काही सेकंदांनी, कुणी मिनिटभराने. भट्टी अशी चालवतात की या उशिरा येणाऱ्यांना धरूनच साखळीचा हिशेब पुरा व्हावा. त्यामुळे जोर हळूहळू चढतो किंवा उतरतो आणि न्यूट्रॉन गिळणारे नियंत्रक दांडे आत-बाहेर करायला सवड मिळते. हे वरातीमागून येणारं घोडं इथे सगळी वरात सांभाळतं. निसर्गाने हे हजारातले सहा-सात राखून ठेवले नसते तर अणुवीज केंद्र ही गोष्टच शक्य झाली नसती.

बॉम्बचं काय? खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये सहज फुटणारा भाग, म्हणजे २३५ वजनाचा, शंभरात एकसुद्धा नसतो, ०.७ टक्के. तारापूरच्या जुन्या भट्ट्यांत तो वाढवून अडीच टक्क्यांच्या आसपास नेतात. बॉम्बला नव्वदच्या घरात लागतो. "ओल्या सरपणाने सुतळी बॉम्ब उडतो का?" काकांनी विचारलं. आमच्यातल्या एकाने लगेच ग्रुपवर टाकलं: नाही फुटत.

"थांबा," काका म्हणाले. "फुटत नाही हे खरं. पण घाबरायचं कशाला ते वेगळंच आहे. ते उद्या सांगतो."

मधल्या काळात तारापूरच्या इंधनाची गोष्ट वाचली आणि वाटलं, ही शाळेत शिकवायला हवी. करारात समृद्ध युरेनियम पुरवायची जबाबदारी अमेरिकेची होती. १९७४ला पोखरणची चाचणी झाली, १९७८ला अमेरिकेने नवा कायदा केला आणि तारापूरचं इंधन अडलं. १९८० साली ते पाठवायचं की नाही यावर अमेरिकेच्या सिनेटमध्ये मतदान झालं, ४८ विरुद्ध ४६. घिवलीच्या किनाऱ्यावरची भट्टी चालणार की नाही हे दोन मतांवर लटकलेलं. १९८२पासून फ्रान्सने इंधन दिलं, नव्वदच्या दशकात चीनने आणि २००१ साली रशियाने. शिवाय भट्टीतले वाफेचे काही संच गळू लागले, ते बाजूला काढावे लागले आणि २१० मेगावॉटची प्रत्येक भट्टी १६० वर आली. परक्या सरपणावर चूल मांडली की काय होतं, ते तारापूरने सोसलं.

म्हणून शेजारीच उभ्या राहिलेल्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीला मी फार मानतो. त्या आपल्या अभियंत्यांनी आखलेल्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या. चौथी आधी चालू झाली, सप्टेंबर २००५मध्ये, आणि तिसरी ऑगस्ट २००६मध्ये. तेव्हा अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षपदी अनिल काकोडकर होते. या भट्ट्यांना युरेनियम समृद्ध करावं लागत नाही, खाणीतून आलेल्या प्रमाणातच चालतं. कारण त्यांत जड पाणी आहे.

साध्या पाण्याची एक खोड आहे. ते न्यूट्रॉनला हळू करतं, पण करता करता त्यातले काही गिळूनही टाकतं. म्हणून इंधन समृद्ध लागतं. जड पाण्यात हायड्रोजनऐवजी त्याचा दुप्पट वजनाचा भाऊ, ड्युटेरियम, असतो. तो न्यूट्रॉन जवळजवळ गिळत नाही. समुद्राच्या पाण्यातही तो असतो, पण सहा-सात हजार हायड्रोजनांत एखादा. त्याला वेगळं काढायचं म्हणजे मोठं रासायनिक काम, आणि असा एक कारखाना आपल्याच रायगड जिल्ह्यात थळला आहे. जड पाणी दिसायला साधंच, वजनाला दहा टक्क्यांनी जास्त. त्याचा बर्फ साध्या पाण्यात टाकला तर बुडतो.

दुसऱ्या दिवशी काकांनी दोन तळहात एकमेकांसमोर धरून या जड पाण्याच्या भट्ट्यांतला इंधनाचा जुडगा केवढा ते दाखवलं: हातभर लांब, सदतीस बारीक नळ्या एकत्र बांधलेल्या, वजन चोवीस किलोच्या आसपास. "नवा असतो तेव्हा हातमोजे घालून उचलायचा. मी उचललाय. थंडगार असतो." एका भट्टीत ३९२ आडव्या नळ्या, प्रत्येकीत असे तेरा जुडगे, म्हणजे एकूण ५,०९६. विशेष हे की इंधन बदलायला भट्टी थांबवत नाहीत. नळीच्या दोन्ही टोकांना दोन यंत्रं येऊन चिकटतात, एक नवे जुडगे आत ढकलतं, दुसरं वापरलेले बाहेर घेतं. "जो जुडगा आत जाताना मी हाताने धरला होता," काका म्हणाले, "तो बाहेर आल्यावर त्याच्या आणि माझ्या मध्ये कित्येक मीटर पाणी नाहीतर जाड काँक्रीट लागतं. हा फरक ज्याला कळला त्याला अणुभट्टी कळली."

हा फरक काय आहे? एक ग्रॅम युरेनियम-२३५ पूर्ण फुटलं तर साधारण चोवीस हजार युनिट उष्णता मिळते. त्यातला तिसरा हिस्सा वीज होतो, म्हणजे आठ हजार युनिट. वसईतल्या घराला महिन्याला दीडशे युनिट लागतात असं धरलं तर एका ग्रॅमवर एक घर चार वर्षांहून जास्त चालेल. पण अणू फुटल्यावर जे तुकडे उरतात ते अस्वस्थ असतात. ते स्वतःहून मोडत राहतात आणि मोडताना उष्णता देतात. दांडे आत घातले, साखळी थांबली, तरी हे थांबत नाही.

आजी रात्री चूल आवरायची तेव्हा लाकडं ओढून घ्यायची, पण निखारे राखेखाली ठेवायची. सकाळी फुंकर घातली की परत लाल. अणुभट्टीचे निखारे याहून हट्टी. पाचशे चाळीस मेगावॉट वीज देणारी भट्टी सतराशेच्या वर मेगावॉट उष्णता करत असते. ती बंद केल्याक्षणी सहा-सात टक्के उष्णता उरते, म्हणजे शंभराहून जास्त मेगावॉट. एका दिवसानंतरही अर्धा टक्का, आठेक मेगावॉट. घरातले चार हजार गिझर एकदम चालू ठेवल्यासारखं, आणि त्यांना बटण नाही. यावर एकच इलाज, पाणी. तासन्‌तास, दिवसेंदिवस पाणी फिरवत राहायचं.

११ मार्च २०११ला फुकुशिमात हेच चुकलं. भूकंप होताच चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या बरोबर बंद झाल्या, साखळी थांबली. पण बाहेरची वीज गेली, मग त्सुनामीने डिझेल जनरेटर बुडवले, पंप थांबले. पाणी आटलं, निखाऱ्यांनी गाभा वितळवला, तापलेल्या धातूशी वाफेची अभिक्रिया होऊन हायड्रोजन साठला आणि इमारती उडाल्या. अणुस्फोट एकही झाला नाही. तरी लाखाहून जास्त माणसांना घरं सोडावी लागली. तिथली पहिली भट्टी १९७१ची, उकळत्या पाण्याचीच, जनरल इलेक्ट्रिकच्याच घराण्यातली. तारापूरच्या पहिल्या दोन तिच्याहून वयाने मोठ्या. काका म्हणाले, "त्या आठवड्यात आम्ही कुणी नीट जेवलो नाही. आपलीच बहीण पडलेली बघतोय असं वाटत होतं."

तारापूरच्या जुन्या भट्ट्यांत एक व्यवस्था पहिल्यापासून आहे, तिचं महत्त्व तेव्हा सगळ्यांना पटलं. भट्टीच्या वर, उंचावर, पाण्याची टाकी आहे आणि तीत नळ्यांची जाळी. वीज गेली तर वाफ आपणच वर चढते, टाकीत थंड होते आणि पाणी होऊन स्वतःच्या वजनाने खाली उतरते. पंप लागत नाही. फुकुशिमानंतर देशातल्या सगळ्या केंद्रांत बाहेरून पाणी जोडायच्या जागा आणि जादा जनरेटर यांची भर घातली गेली. आपल्या किनाऱ्याला त्सुनामी अगदीच परकी नाही. १९४५ साली मकरानच्या समुद्रातल्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती. पण मकरान शेकडो किलोमीटर दूर आहे, जपानसारखा तो धोका उंबऱ्यावर बसलेला नाही. २०२०मध्ये दोन्ही जुन्या भट्ट्या मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवल्या गेल्या. पन्नाशी उलटलेल्या यंत्राचे पाइप तपासायला, बदलायला जेवढी वर्षं लागतील तेवढी लागू द्यावीत, घाई कुणी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ग्रुपवरच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर असं: तारापूरला फुटायची भीती बाळगू नका, तहानेची बाळगा. तिथे जनरेटर चालतात का, टाकी भरलेली आहे का, रात्रपाळीचा माणूस जागा आहे का, यावर आपली झोप अवलंबून आहे.

अणुकेंद्राभोवतीचं सोळा किलोमीटरचं क्षेत्र आणीबाणीच्या नियोजनात धरतात. विरार त्यात येत नाही. चिंचणी येते, तारापूर, घिवली, नवापूर, दांडी येतं, बोईसर येतं. नवापूरच्या बाजूला वाळूत बोंबील सुकवणाऱ्या एका मावशींना मी विचारलं, भीती वाटते का. त्या काठीवरची ओळ सारखी करत म्हणाल्या, "भीती नाही वाटत. मासळी कमी झाली, ते वाटतं." त्यांचं म्हणणं तिथले बरेच जण बोलतात: केंद्राजवळच्या पाण्यात होडी नेता येत नाही, गरम पाणी समुद्रात येतं, कारखान्यांचं सांडपाणी तर येतंच. भट्टीच्या उष्णतेचे तीनातले दोन हिस्से समुद्रात जातात हे खरंच आहे, विज्ञान तेच सांगतं. मासळी कशाने किती घटली हे वेगळं काढून सांगणं अवघड आहे. पण ते काढण्याचं काम मावशींचं नाही, ज्यांच्याकडे यंत्रं आहेत त्यांचं आहे.

तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. पुनर्वसनाचं भांडण उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं चाललं. समुद्रावर जगणाऱ्या माणसाला समुद्रापासून दूर घर दिलं की घर मिळतं आणि जगणं जातं. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, गोवा, एवढ्या राज्यांना तारापूरची वीज जाते. तिचा दिवा लावणाऱ्या प्रत्येकावर, माझ्यावरही, या दोन गावांचं देणं आहे, आणि ते फिटलेलं नाही असं मी मानतो.

केंद्राजवळ एक पर्यावरण प्रयोगशाळा आहे. ती भाभा अणुसंशोधन केंद्राची. आसपासचे मासे, दूध, भाजी, माती, समुद्राचं पाणी तिथे सतत तपासलं जातं. सामान्य माणसाला केंद्रामुळे वर्षाला एक मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त किरणोत्साराची मात्रा मिळता कामा नये असा नियम आहे आणि निसर्गातूनच आपल्याला त्याहून जास्त मिळत असते. आकडे आहेत, ते मोजणारी माणसं मनापासून मोजतात. ते मराठीत, ग्रामसभेत, मावशींना कळतील असे वाचून दाखवले गेले पाहिजेत. वसई-विरारच्या शिक्षकांनी नववी-दहावीच्या मुलांना एकदा वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रातलं अणुऊर्जेचं दालन दाखवून आणावं. आणि सोळा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या वाचकांनी येत्या ग्रामसभेत उभं राहून तीन प्रश्न विचारावेत: यंदा आमच्या मासळीत किती किरणोत्सार मोजला? आणीबाणीचा सराव कधी आहे? आणीबाणीत घ्यायच्या आयोडीनच्या गोळ्या कुठे ठेवल्या आहेत?